खांबेटेकाकांची गाडी घरी येते

लंडनच्या पिनर भागात राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या घरी चिवडा नेऊन दिला. दार उघडणाऱ्या उंच, सडपातळ म्हाताऱ्या गृहस्थांनी वाटी घेतली, उजेडात धरून पाहिली आणि "ठीक आहे, कळवतो" म्हणून दार लावून घेतलं. पुढच्या दिवशी सकाळी आमच्या लेटरबॉक्समधून एक पाकीट आत पडलं. आत आखीव कागद आणि त्यावर टोकदार अक्षर :

"नमुना : पातळ पोह्यांचा चिवडा. दर्जा : समाधानकारक. मीठ मर्यादेपेक्षा किंचित जास्त. जळके शेंगदाणे : तीन. वाटी धुऊन सोबत परत. – य. ग. खांबेटे."

वाटी बाहेर पायरीवर होती. तिच्यात ते तीन जळके शेंगदाणे पुरावा म्हणून ठेवले होते.

मी नागपूरची. आमच्याकडे चिवडा आवडला नाही तरी माणूस दुसऱ्यांदा मागून घेतो. मी तणतणत गेले आणि बेल दाबली. काकांनी दार उघडलं. घरातही टाय. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तक्रार आहे? लेखी द्या."

हे 'लेखी द्या' मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की आता मला ते त्यांच्या खोकल्यासारखं ओळखू येतं. कौन्सिलचा माणूस कचऱ्याचा डबा बदलून देऊ म्हणाला, लेखी द्या. दाताचा डॉक्टर म्हणाला दुखणार नाही, लेखी द्या. एकदा त्यांच्या दारात धर्मप्रसार करणाऱ्या दोन बायका आल्या आणि स्वर्गात जागा नक्की मिळेल म्हणाल्या. काकांनी तेही लेखी मागितलं. त्या पुन्हा आमच्या रस्त्याला फिरकल्या नाहीत.

काका मूळचे सांगलीचे, पण जवळजवळ सगळं आयुष्य बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात बेअरिंग तपासण्यात गेलं. क्वालिटी इन्स्पेक्टर. एका हातात मायक्रोमीटर, दुसऱ्या हातात 'रिजेक्ट'ची लाल लेबलं. काकूंची बहीण पिनरला होती म्हणून निवृत्तीनंतर दोघं इकडे आले. बहीण पुढे वारली, हे दोघं राहिले. मूलबाळ नाही. कारखाना सुटला, पण लाल लेबलांची दोन बंडलं काकांनी बरोबर आणली. सुपरमार्केटमध्ये ते केळ्यांचा एक घड हातात घेऊन दहा मिनिटं उभे राहू शकतात. हॅरोच्या एका हॉलमध्ये गणपतीला एकवीस मोदक केले होते, त्यांतले चार त्यांनी कळ्या कमी म्हणून बाजूला काढले आणि प्रत्येकाला लेबल लावलं. मग ते चारही स्वतः खाल्ले, कारण नापास माल दुसऱ्याच्या पदरात टाकायचा नाही.

माझी नोकरी एका बँकेच्या तक्रार विभागात. दिवसभर मी रागावलेल्या लोकांना "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" असं कळवून त्यांच्या तक्रारी फेटाळत असते. हे समजल्यावर काकांचे डोळे असे चमकले की मी तिथूनच पळून जायला हवं होतं. "म्हणजे तुला शत्रूचं दारूगोळ्याचं कोठार आतून माहीत आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची इंग्रजी पत्रं मी लिहायला लागले. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण त्याला जुन्या सरकारी कचेरीचा वास यायचा आणि समोरचा माणूस दुसऱ्या ओळीलाच झोपायचा.

मी चिवड्यावरून तणतणत गेले त्या दिवशीही विजूकाकू खिडकीशी बसल्या होत्या. सुती साडी, वर करडं कार्डिगन, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला म्हणाल्या, "ये, बस ना. हे येतीलच एवढ्यात." मी काकांकडे पाहिलं. ते त्यांच्या खुर्चीच्या मागेच उभे होते, हातात चहाचा कप घेऊन. त्यांनी कप काकूंच्या हातात दिला, तर काकू त्यांनाही म्हणाल्या, "तुम्हीही बसा. उभे का?" काका बसले. मला तेव्हा जे कळायचं ते कळलं आणि चिवड्याचा राग तिथेच गेला.

आणि मग एप्रिलमध्ये काकांनी गाडी घेतली.

गाडीचं नाव सांगत नाही. महागडी, काळीभोर, नाकावर चकचकीत बिल्ला, आणि त्या बिल्ल्याच्या खाली रस्ता बघणारा एक बारीक कॅमेऱ्याचा डोळा, एवढं पुरे. आमच्या रस्त्यावर अशी गाडी कोणाकडे नाही. मला धक्का बसला, कारण या माणसाने उभ्या आयुष्यात गाडी घेतलेली नव्हती. लायसन्स तरुणपणी काढलेलं, वापर शून्य. ऐंशीच्या जवळ आल्यावर त्यांनी शिकवणीचे वीस तास घेतले, शिकवणाऱ्या माणसाला एक लेखी मूल्यमापन दिलं आणि ही गाडी आणली.

तीन आठवड्यांत तिचा बूट, म्हणजे मागची डिकी, आपोआप उघडायला लागला. आपण सिग्नलला उभे, तर मागचं झाकण सावकाश वर. बटाट्यांची पिशवी हॅरोच्या चौकात घरंगळली. मी काकांचं सांत्वन करायला गेले तर चेहरा असा उजळलेला की विचारू नका. समोर ग्राहक हक्कांचा कायदा छापून, भोकं पाडून, फाईलला लावलेला.

"ऐक," ते म्हणाले. "पहिले तीस दिवस. सदोष माल सरळ परत, पैसे सरळ परत. तीस दिवसांनंतर त्यांना दुरुस्तीची एक संधी. एक! ती फसली की गाडी नाकारायचा हक्क आपला. वापराबद्दल थोडं कापतील, कापू देत. आणि सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरायचं. नव्हता हे त्यांनी सिद्ध करायचं, आपण नाही. काय कायदा आहे बघ! कोणीतरी इन्स्पेक्टरनेच लिहिला असणार."

"मग करा परत," मी म्हटलं. "तीस दिवस झाले नाहीत अजून."

काकांनी फाईल मिटली. "दुरुस्त करू देत. संधी दिली पाहिजे," म्हणाले. केळ्याला संधी न देणारा माणूस! मला तिथेच शंका यायला हवी होती.

बूट दुरुस्त झाला. पुढच्या महिन्यात स्क्रीन आपोआप जर्मन बोलायला लागला, तोही दुरुस्त झाला. हे दोन्ही दोष खरे होते, मी डोळ्यांनी पाहिले. तिसरा दोष मात्र चमत्कारिक होता. गाडी घरी आली की थोड्याच वेळात समोर दिवा लागायचा : चालकाला मदत करणारी यंत्रणा बंद, वर्कशॉपशी संपर्क साधा. गाडी वर्कशॉपला गेली की दिवा गायब. ते लोक लिहून पाठवायचे, 'दोष आढळला नाही.' घरी आली की पुन्हा दिवा.

"दोष आढळला नाही म्हणजे काय?" काका गरजायचे. "शोधला नाही म्हणा! लिही, मृणाल."

आणि मी लिहायची. खोटं कशाला बोलू, मला मजाही यायची. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी गुळगुळीत भाषेत पुरायच्या आणि संध्याकाळी काकांच्या स्वयंपाकघरात बसून कोणालातरी सोलून काढायचं. सर्व्हिस डेस्कवरच्या लॉरेन नावाच्या बाईला मी अशी पत्रं लिहिली की तिने राजीनामा द्यावा. तिची उत्तरं मात्र नेहमी दोन ओळींची आणि गोड. 'गाडी अवश्य पाठवा. मिसेस खांबेटेंना माझा नमस्कार सांगा.' मला वाटायचं, काय मुरलेली बाई आहे.

मधल्या काळात काकांची आणखी एक तऱ्हा माझ्या लक्षात आली. गुरुवारी मी ऑफिसला उशिरा निघते. महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी रस्त्याच्या टोकाला बस स्टॉपवर काका उभे दिसायचे. सूट, टाय, पॉलिश केलेले बूट. बस यायची, जायची. काका आपले उभेच. एकदा मी विचारलं, "काका, कुठली बस हवीये?"

"मी बसची वाट बघतोय असं मी म्हटलं?"

"बस स्टॉपवर उभे आहात म्हणून विचारलं."

"अनुमान काढू नये," काका म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मी खांदे उडवले आणि स्टेशनकडे गेले. म्हातारपणी माणसाला एखादा बस स्टॉप आवडत असेल, आपल्याला काय करायचंय?

ऑक्टोबरमध्ये गाडी सहाव्यांदा वर्कशॉपला गेली आणि या वेळी मात्र कंपनीने हात टेकले. काकांना रीतसर पत्र आलं. 'गाडी आमच्याकडेच आहे, ती परत घेऊन आपले पैसे देण्यास आम्ही तयार आहोत, शुक्रवारपर्यंत कळवावे.' मी पत्र वाचून अक्षरशः उडी मारली. मोठी कंपनी, महागडी गाडी, आणि आमची पत्रं जिंकली होती! मी बुधवारी ऑफिसमधून येताना पेढे घेऊनच शेजारी गेले.

काका काकूंना वरणभात भरवत होते. पेढ्यांकडे पाहून म्हणाले, "एवढ्यात कशाला?"

"एवढ्यात? काका, जिंकलो आपण! फक्त होकार कळवायचाय. आत्ता लिहिते."

"शुक्रवारपर्यंत आहे वेळ."

"तुम्ही जेवण आटपा, मी तारखा काढून ठेवते," असं म्हणून मी फाईल ओढली. काकांची फाईल म्हणजे देवघर. प्रत्येक दुरुस्तीचा कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये, वर क्रमांक. मी पहिला काढला, दुसरा काढला. तिसऱ्या कागदाच्या तळाशी, सह्यांच्या खाली, हाताने लिहिलेली एक बारीक ओळ होती. आधीच्या कुठल्याही पत्राच्या वेळी काकांनी हा कागद मला दाखवला नव्हता. मला ते तारखा आणि मुद्दे तोंडी सांगायचे.

ओळ इंग्रजीत होती. अर्थ असा : गाडी धुताना पुढच्या कॅमेऱ्यावरून लाल-पिवळा लेप काढला. त्यानंतर दिवा बंद झाला. ग्राहकास कळवावे.

लाल-पिवळा लेप. मला समजायला क्षणभर लागला आणि मग मी कपाळाला हात लावला. कुंकू! हळद! त्या गाडीच्या नाकावर काढलेलं स्वस्तिक मी येता-जाता किती वेळा पाहिलं होतं. पहिल्या दोनदा ते बिल्ल्यापुरतंच होतं, पुढे बिल्ल्यापासून थेट खालच्या कॅमेऱ्यापर्यंत, चांगलं ओलं, जाड, वर अक्षता चिकटवलेल्या. पण आपल्या डोळ्यांना गाडीवरचं कुंकू कधी खुपतच नाही. ते गाडीचाच भाग वाटतं. आम्ही इतके महिने दोष शोधत होतो आणि गाडी बिचारी आंधळी होऊन फिरत होती. वर्कशॉपमध्ये ते लोक आधी गाडी धुवायचे आणि मग तपासायचे, म्हणून त्यांना काही सापडत नव्हतं.

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात दिसलं की त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. पट्टी लावून, सरळ. अशा रेघा जगात एकच माणूस मारतो.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

काकांनी काकूंचं तोंड पुसलं. "तिसऱ्या वेळेपासून," म्हणाले.

आता मात्र मी भडकले. "आणि तरी तुम्ही माझ्याकडून ती पत्रं लिहून घेतलीत? त्या लॉरेनला मी काय काय बोलले! ओल्या फडक्याने पुसलं असतं तर दिवा गेला असता!"

"विजूने लावलेलं कुंकू मी पुसू?" काका म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मीच खुर्चीत मागे टेकले. काकू वाटीतला भात चमच्याने नीट एका बाजूला लावत बसल्या होत्या. काकांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसले. लांबलचक बोलणारा माणूस नाही तो. रिपोर्ट दिल्यासारखंच बोलले, पण पहिल्यांदाच त्यांना मधे मधे थांबावं लागत होतं.

"आम्ही बर्मिंगहॅमला नवीन होतो. एक सेकंडहँड गाडी पाहून ठेवली होती, निळी. शनिवारी हिला सांगून गेलो की आज घेऊनच येतो. तिथे गेलो. दाराखाली बोट फिरवलं, तर गंज. रिजेक्ट केली. बसने घरी आलो. बस स्टॉप घरासमोरच होता. मी बसमधून उतरतोय, आणि ही दारात ताम्हन घेऊन उभी. कडाक्याची थंडी, निरांजन विझलेलं. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला बघून हसली. 'काय इन्स्पेक्टर, नापास का?' म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की आणतो. तर म्हणाली, लेखी द्या."

मी पेढ्यांचा डबा बाजूला सरकवला.

"त्यानंतर अकरा गाड्या पाहिल्या. अकराही नापास. प्रत्येकीत काहीतरी निघायचंच गं, मी काय करू? दर वेळी हिने ताम्हन काढून ठेवलेलं असायचं. मग एकदा नव्हतं काढलेलं. मी विचारलंही नाही, का नाही काढलं म्हणून. मला वाटलं, बरं झालं, विसरली."

काकूंनी वाटी पुढे सरकवली. काकांनी ती उचलून सिंकमध्ये ठेवली आणि परत आले.

"या वर्षी जानेवारीपासून ती मला परक्या माणसासारखं 'बसा' म्हणायला लागली. मग म्हटलं आता नवी कोरी घेऊ. जिच्यात दोष काढायला जागाच नाही अशी. क्रेग घेऊन आला, त्यांचा ड्रायव्हर. टाय लावून येतो तो, किल्ली दोन्ही हातांनी देतो. सीटवर प्लास्टिक, पायाखाली कागद. हिने खिडकीतून पाहिलं आणि उठली. ताम्हन कुठे आहे हे मलाही माहीत नव्हतं, तिने बरोबर काढलं. बाहेर आली, गाडीला ओवाळलं आणि मला म्हणाली, 'काय इन्स्पेक्टर?' मृणाल, तीन तास. तीन तास मी मी होतो."

"मग बूट बिघडला."

"बूट बिघडला, गाडी गेली, दुरुस्त होऊन परत आली. तोच क्रेग, तोच टाय, पुन्हा प्लास्टिक. आणि ही पुन्हा ताम्हन घेऊन दारात. गाडी पहिल्यांदाच आल्यासारखी."

मी म्हटलं, तुम्हीच गाडी धुऊन एक फेरी मारून आणायची होती. काका म्हणाले, "केलं ना. दोनदा केलं. हिने मला चहा विचारला, पाहुण्याला विचारतात तसा. तिला तो किल्ली देणारा माणूस लागतो, ते प्लास्टिक लागतं. आणि मी गाडीतून उतरताना दिसावा लागतो. म्हणून मी स्टॉपवर जाऊन थांबतो. क्रेग मला तिथे घेतो, शेवटचा तुकडा मी चालवतो. आता तूच सांग, तक्रार नसली तर गाडी जाणार कशी? आणि गेली नाही तर घरी येणार कशी?"

मग टायची गाठ उगाच सारखी करत म्हणाले, "आयुष्यात एक खोटा रिपोर्ट लिहिला नाही मी. हे तीन लिहिले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. लपवून करायचंय काय? पण माझ्यासमोर शुक्रवारची मुदत असलेला कागद होता. होकार कळवला की गाडी तिकडेच राहणार, पैसे येणार, आणि पैशांना कोणी दारात ओवाळत नाही. नकार कळवला की धुतलेली, निर्दोष गाडी एकदा घरी येणार, आणि त्यापुढे कुठली तक्रार करणार? काकांनी ते काही महिने पुढे ढकललं होतं. आता ढकलायला जागा नव्हती.

"लिही," काका म्हणाले. "एक. गाडीत दोष नाही. दोन. दिव्याचं कारण आमच्या घरचं आहे, ते आम्हाला ठाऊक होतं, आम्ही दिलगीर आहोत. तीन. गाडी परत घेण्याचा आपला प्रस्ताव आम्ही आभारपूर्वक नाकारत आहोत. चार."

चारला ते थांबले. मग म्हणाले, "चार नाही. एवढंच."

चार मी लिहिला. ऑफिसात वापरते ती एकही गुळगुळीत ओळ न वापरता लिहिला. ताम्हन म्हणजे काय, काकू कोण, तीन तास म्हणजे किती, सगळं. शेवटी विचारलं, की महिन्यातून एकदा गाडी धुवायला नेऊन, क्रेगच्या हाती, टाय आणि प्लास्टिकसकट परत पाठवता येईल का, जो काही आकार होईल तो आम्ही देऊ. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली, आणि मी ते रात्रीच ईमेलने पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉरेनचा फोन आला. काकांनी मला बोलावून फोन स्पीकरवर टाकला. मी मनातल्या मनात माफीनाम्याची जुळवाजुळव करत होते.

"मिस्टर खांबेटे," ती म्हणाली, "कुंकवाचं मला पहिल्यापासून माहीत आहे. क्रेग दर वेळी कपाळावर लाल टिळा आणि खिशात साखर घेऊन परत येतो. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय याची. तक्रार करायची गरजच नव्हती. गाड्या आम्ही रोजच धुतो. ते पैसे परत करायचं पत्र वरच्या ऑफिसचं होतं, तुमच्या वकीलबाईंची पत्रं फार कडक असतात." वकीलबाई म्हणजे मी. "गाडी उद्या येईल. आणि पुढेही येत राहील. चालेल?"

काका खाकरले. एकदा, दोनदा. मग त्यांना जे सुचायचं तेच सुचलं. "कॅन आय हॅव दॅट इन रायटिंग, प्लीज?"

पाच मिनिटांत ईमेल आली. काकांनी ती छापून, भोकं पाडून, फाईलला लावली.

शुक्रवारी मी घरूनच काम घेतलं आणि दहाच्या सुमाराला त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. टोकाला स्टॉपवर सूटमधले काका दिसत होते. एक बस येऊन गेली. मग काळी गाडी आली, थांबली. क्रेग पलीकडच्या सीटवर सरकला, काका चाकामागे बसले, आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने आमच्याकडे यायला लागली.

खिडकीशी बसलेल्या काकूंनी मान वर केली. मग उठल्या. आत खणाचा आवाज आला, पेटीवर काडी ओढल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात ताम्हन होतं, सुपारी, अक्षता, साखर, हळदकुंकू, आणि निरांजन लागलेलं होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून. मी ज्या काकूंना ओळखत होते त्या या नव्हत्या. यांना घाई होती.

क्रेग उतरला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. त्याने दोन्ही हातांनी काकांना किल्ली दिली आणि न सांगता काकूंपुढे कपाळ वाकवलं. सवयीचं झालं होतं त्याला. कुंकू लागलं, तळहातावर साखर पडली. मग काकूंनी गाडीच्या नाकावर ओल्या बोटाने स्वस्तिक काढलं, बिल्ल्यापासून थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यापर्यंत. गाडीने आतून टुंग केलं. कोणी लक्ष दिलं नाही.

काकू मागे सरकल्या, गाडीकडे पाहिलं, मग काकांकडे. डोळे बारीक करून हसल्या. त्या हसण्यात तरुण बाई होती, थंडीत उभी राहिलेली.

"काय इन्स्पेक्टर? पास का?"

"पास," काका म्हणाले.

"काही शेरा?"

"शेरा नाही."

"असं नाही चालायचं. लेखी द्या."

काकांनी खिसे चाचपले. पेन सापडलं, कागद सापडेना. शेवटी क्रेगने आपल्या हातातली पावती पुढे केली. तिच्या पाठीवर काकांनी गाडीच्या टपाला टेकून लिहिलं. माझ्या चिवड्याला 'समाधानकारक' देणाऱ्या माणसाने एकच शब्द लिहिला, 'निर्दोष', खाली पूर्ण सही केली. काकूंनी कागद वाचला, घडी घातली आणि कमरेला खोचला. मग काकांचा हात धरून त्यांना गाडीत बसवायला लागल्या. आपल्याला चक्कर मारायचीय, म्हणाल्या. मी आणि क्रेग तोंडात साखर घोळवत बघत राहिलो.

संध्याकाळी चहाच्या वेळेला मी नवा चिवडा घेऊन गेले. मीठ मोजून घातलं होतं. काकू खिडकीशी बसल्या होत्या, समोरच्या खुर्चीत काका, अजून सूटमध्येच. काकू मला म्हणाल्या, "ये, बस ना." कमरेचा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे उलगडला. "बघ, आमच्या ह्यांनी लिहून दिलंय. गाडी आणलीये त्यांनी."

"छान आहे की, काकू."

मग त्या माझ्याकडे झुकल्या आणि काकांकडे डोळ्यांनी खूण करत हळूच म्हणाल्या, "हे गृहस्थ केव्हाचे ह्यांची वाट बघत बसलेत. मी सांगितलं त्यांना, येतीलच एवढ्यात."

काका उठले. काकूंच्या मांडीवरची शाल घसरली होती, ती त्यांनी नीट केली, आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"हो," म्हणाले. "थांबतो मी."